चावीच्या घड्याळाची साफसफाई आणि तेल: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ओटीवरचं लंबकाचं घड्याळ थांबलं की कोकणात पहिला उपाय ठरलेला, कोंबडीच्या पिसाने खोबरेल सोडायचं. घड्याळ चालू होतं आणि पौषात पुन्हा थांबतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि थंडीत किनाऱ्यावरच्या पहाटही त्याहून गार असतात. वर ते खवट होऊन चिकटतं. जुन्या मळावर नवं तेल घातलं की पितळेचा कीस, धूळ आणि तेल यांचा घासणारा लगदा होतो. चाकांचे आस, म्हणजे दांड्यांची टोकं, ज्यांत फिरतात ती भोकं मग लंबगोल झिजतात. म्हणून आधी धुणं, तेल अगदी शेवटी.

मनगटी घड्याळ लगेच उघडू नका. लंबकाच्या किंवा गजराच्या घड्याळावर हात बसू द्या.

पहिलं काम स्प्रिंग उतरवण्याचं. चावी घट्ट धरून किंचित पुढे दाबा, स्प्रिंगला मागे सुटू न देणारा खटका उचला, चावी अर्धा फेरा मागे येऊ द्या, खटका पुन्हा बसवा. ताण संपेपर्यंत हेच करायचं. ठोके देणाऱ्या घड्याळात स्प्रिंगा दोन असतात आणि दुसरी विसरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. भरलेल्या स्प्रिंगसह चाकं धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्या सुट्या केल्या तर चाकांचे दाते तुटतात, बोटंही फाटतात. खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

भाग व्हाइट पेट्रोलमध्ये मऊ ब्रशने दोनदा धुवा. दारं-खिडक्या उघड्या हव्यात, चूल आणि देवापुढचा दिवा लांब. भोकांत टोकदार लाकडी काडी फिरवा. काळी निघाली तर टोक नव्याने तासा, आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. पॅलेट म्हणजे शेवटच्या चाकाचा एकेक दाता अडवून सोडणारा भाग. मनगटी घड्याळात त्याचे खडे बहुधा लाखेने बसवलेले असतात, त्यामुळे पॅलेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवू नये.

पावसाळ्यात एक जादा काळजी. पेट्रोल उडताना धातू गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. पोलादी आसांवर तांबेरा तिथूनच सुरू होतो. पेट्रोल पूर्ण उडाल्यावर, बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून, भाग बल्बच्या उबेत अर्धा तास ठेवा. मग चिमट्यानेच उचला, कारण घामातलं मीठही गंज आणतं.

जोडताना पॅलेट बसवण्याआधी स्प्रिंगच्या चाकाला बोटाने हलकासा जोर द्या. शेवटच्या चाकापर्यंत सगळी साखळी सळसळत फिरली पाहिजे. अडखळली तर तेलाने ती सुटणार नाही, पुन्हा खोला.

आता तेल. प्रत्येक भोकाभोवती छोटी वाटी असते, ती निम्मी भरली की पुरे. भिंगातून आसाभोवती तेलाचं चकचकीत कडं दिसावं. थेंब वाटीबाहेर गेला तर तो पट्टीवर ओढला जातो आणि आस कोरडा पडतो. जास्त घातलेलं तेल कमी पडतं ते असं. चाकांच्या दात्यांना तेल नको, आणि हेअरस्प्रिंगलाही, म्हणजे बॅलन्स या झोके घेणाऱ्या चाकावरच्या केसासारख्या स्प्रिंगलाही, नको. हेअरस्प्रिंगचे वेढे तेलाने चिकटले तर घड्याळ भराभर पुढे जातं. मनगटी घड्याळाच्या पॅलेटच्या आसालाही तेल लागत नाही, मात्र खड्यांच्या टोकांना लागतं. बॅलन्ससारख्या जलद भागांना मोबियस ९०१० सारखं घड्याळाचं पातळ तेल, मुख्य स्प्रिंगच्या डब्याकडे घट्ट.

भिंतीवर टांगल्यावर डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं नसेल, तर पेटीचा खालचा भाग केसभर डावीकडे-उजवीकडे सरकवून ते जुळवा आणि त्या जागी भिंतीवर पेन्सिलने खूण करा.