पट्टेरी हॅम्लेटची संध्याकाळ कशी पाहावी

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर डायव्हिंगला जाणार असाल, तर एक संध्याकाळ पट्टेरी हॅम्लेटसाठी राखून ठेवाच. वीतभरही न भरणारा हा मासा आपल्या हेकरूच्या गोतातला. आपला जिताडा आधी नर असतो, मग मादी होतो. हॅम्लेट मात्र एकाच वेळी नरही असतो आणि मादीही.

आधी दिवसा ओळख करून घ्या. फिकट अंगावर तपकिरी उभे पट्टे, त्यातला मधला सगळ्यांत रुंद, आणि डोक्यावर निळ्या बारीक रेघा. 5 ते 15 मीटर खोलीवर तो एकटाच कोळंबी-खेकडे टिपत फिरताना दिसेल. जिथे दिसला तिथला एखादा उंच सी फॅन, म्हणजे पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ, खुणेसाठी लक्षात ठेवा. बेटाभोवतालचा समुद्र 1979 पासून संरक्षित आहे. हातमोजे घालायला तिथे बंदी आहे. प्रवाळाला हात लावायचाच नाही.

सूर्यास्ताच्या तासभर आधी बडीसोबत, म्हणजे डायव्हिंगच्या जोडीदारासोबत, उतरा. खुणेपासून तीनेक मीटर लांब थांबा, टॉर्च बंद ठेवा, श्वास संथ. इथे घाई केलीत तर काहीच दिसणार नाही.

आता दोन मासे एकमेकांचा पाठलाग करू लागतील, अंग थरथरवतील. मग दोघं तळापासून थोडे वर येतात. एक जण अंगाला बाक देऊन दुसऱ्याला कवेत घेतो. तो या वेळचा नर. काही सेकंद दोघं थरथरतात, पाण्यात अंडी सुटतात आणि जोडी झटकन खाली येते. डोळ्यांची पापणीही लवू देऊ नका.

खरी गंमत पुढच्या खेपेला. आता कवेत घेणारा कोण, ते बघा: बहुधा भूमिका बदललेली असते. कोणीही सगळी अंडी एकदम देत नाही, हातचं राखून देतो. जोडीदाराने आपली दिली, की मग पुढचा वाटा. जीवशास्त्रज्ञ एरिक फिशर यांनी पनामातल्या काळ्या हॅम्लेटचा हा व्यवहार 1980 साली अभ्यासातून मांडला. पाण्यात लिहायच्या पाटीवर प्रत्येक खेपेला रेघ ओढा. अदलाबदल किती वेळा झाली, ते कळेल.

अंधार दाटला की मासे कपारीत शिरतात. तेव्हा टॉर्च लावा, हवा किती उरली ते बघा आणि बडीला खूण करून किनाऱ्याकडे वळा.