घरी सबवूफर बनवायचाय? स्वस्तातला ड्रायव्हर निवडताना नेमकं काय बघायचं

सबवूफर घरी बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समध्ये बसवायचा सुटा स्पीकर, किती इंचाचा घेऊ आणि दुसरा येतो किती वॅटचा. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी हे ठरवा की बॉक्स कुठे ठेवणार आणि किती मोठा चालेल, कारण आपल्याकडे १० बाय १२ च्या हॉलमध्ये दिवाण, टीव्ही युनिट, शू रॅक आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड एवढं सगळं बसवून जे उरतं त्यातच सबवूफर बसवायचाय. टेप घ्या आणि ती जागा मोजा. बाहेरून साधारण ३८ सेंटीमीटरचा चौकोनी बॉक्स बसत असेल तर १८ एमएमचं प्लाय वजा करून आत ४० लिटर मिळतात, आणि ४० लिटर म्हणजे १० इंची किंवा नशीब बरं असेल तर १२ इंची ड्रायव्हरसाठी चांगली जागा आहे. हा लिटरचा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच.

आता ड्रायव्हरचे चार आकडे. हे थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात, ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पायाभरणी केली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते काम पुढे नेलं, तेव्हापासून बॉक्स बनवायचं काम अंदाजाचं न राहता गणिताचं झालं. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळ्या हवेत ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून थरथरतो ती. क्यूटीएस म्हणजे ती थरथर मॅग्नेट आणि सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारे लवचिक भाग) मिळून किती आवरतात त्याचा आकडा, जितका कमी तितकी पकड घट्ट. व्हीएएस लिटरमध्ये असतो, सस्पेन्शन जितकं नरम तेवढीच नरम हवा किती लिटरची होईल ते सांगतो. आणि एक्समॅक्स म्हणजे कोन (पुढचा हलणारा पडदा) एका दिशेला किती मिलिमीटर जाऊ शकतो, त्याला जोडलेली तारेची कॉइल मॅग्नेटच्या पकडीतून न सुटता.

पहिला बॉक्स असेल तर सील्डच, म्हणजे पूर्ण बंद, करा असं मी अगदी मनापासून सांगेन. पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, बॉक्समध्ये त्याच ड्रायव्हरमधून जास्त खोल आणि मोठा बास निघतो हे खरंय, पण आकडे बरोबर नसतील तर बास घुमतो, आणि पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली कोनला धरून ठेवणारं काहीच उरत नाही त्यामुळे सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचा आवाज अडवणारा) नसेल तर सिनेमातल्या एका स्फोटाला कॉइल मागे आपटू शकते. सील्ड बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरते, आणि पाच लिटर इकडेतिकडे झालं तरी फार बिघडत नाही.

सील्डचं गणित सोपंय, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. बॉक्समध्ये बसवल्यावर क्यूटीएस वाढतो, त्या वाढलेल्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात, आणि तो ०.७ च्या आसपास आला की आवाज सपाट आणि बास जास्तीत जास्त खाली. समजा ड्रायव्हरचा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर आहे. ०.७०७ ला ०.४५ ने भागलं की १.५७, त्याचा वर्ग २.४७, त्यातून १ वजा केला की १.४७, आता ६० ला १.४७ ने भागा, आले ४१ लिटर. म्हणजे आपल्या दिवाणाशेजारच्या बॉक्समध्ये हा ड्रायव्हर अगदी नीट बसतोय. बास कुठपर्यंत तर २८ गुणिले १.५७, म्हणजे ४४ हर्ट्झला ३ डीबी खाली. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची असते, आणि छोट्या खोलीत कोपऱ्यात ठेवल्यावर भिंतींचा आधार मिळून खालचा भाग अजून वर येतो, त्यामुळे गाण्यांना हे भरपूर आहे. ढोलाची थाप, तबल्याचा डग्गा, पखवाज, सगळं अंगावर येतं. सिनेमासाठी २०-२५ हर्ट्झपर्यंत खरोखर जायचं असेल तर बजेट आणि बॉक्स दोन्ही वाढवा, ह्याला पर्याय नाही. लहान बॉक्स, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज ह्या तिन्हीपैकी दोनच मिळतात.

क्यूटीसी ०.९ आला तरी घाबरू नका, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज हे दाखवणाऱ्या कर्व्हवरचा फुगवटा १ डीबीपेक्षा कमीच असतो. १.२ च्या पुढे गेला की अडीच डीबीच्या आसपास फुगवटा येतो आणि प्रत्येक गाण्याला तोच एक बुम्म ऐकू येतो, तिथे थांबा. बॉक्स थोडा लहान पडत असेल तर आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर सैलसर भरा, ड्रायव्हरला बॉक्स जरा मोठा वाटतो. आणि हे सगळं हाताने करायचं नसेल तर विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आकडे टाका, कर्व्ह समोर.

आता इंचाचं. बास म्हणजे हवा ढकलणं, आणि किती हवा ढकलली ते कोनचं क्षेत्रफळ गुणिले एक्समॅक्स. १० इंची कोनचं क्षेत्रफळ साधारण ३३० चौरस सेंटीमीटर, १२ इंचीचं ५०० च्या आसपास. १२ इंचीला एक्समॅक्स ४ मिलिमीटर असेल तर तो २०० घन सेंटीमीटर हवा ढकलतो आणि १० मिलिमीटरवाला १० इंची ३३० ढकलतो. म्हणजे लहान ड्रायव्हर जिंकला! ह्यात अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, तेवढाच आवाज ६० हर्ट्झऐवजी ३० हर्ट्झला काढायचा तर चौपट हवा लागते, त्यामुळे एक्समॅक्स लिहिलेला नसलेला ड्रायव्हर सबवूफरसाठी घेताना दहादा विचार करा. वॅटचं म्हणाल तर पीएमपीओ लिहिलेला आकडा (जाहिरातीसाठी फुगवलेले वॅट) सोडूनच द्या, आरएमएस (सतत झेलता येणारे वॅट) बघा, आणि तोसुद्धा फक्त कॉइल किती गरम सोसेल एवढंच सांगतो. फ्लॅटमध्ये १००-१५० वॅट आरएमएस पुष्कळ झाले, खाली शेजारी राहतात आणि स्लॅब एकच आहे.

मुंबईत स्वस्तात तीन प्रकारचे ड्रायव्हर मिळतात. पहिला डीजेवाला, १२ आणि १५ इंची, गणपती जवळ आले की दुकानादुकानांत ह्यांची रास लागलेली असते. सेन्सिटिव्हिटी ९५ डीबीच्या पुढे, थोड्या वॅटमध्ये दणदणीत आवाज, मैदानासाठी उत्तम. पण एफएस बऱ्याचदा ४० च्या वर आणि कोनची चाल कमी, त्यामुळे घरच्या लहान सील्ड बॉक्समध्ये छातीवर ठोसा मिळतो पण खालचा बास येतच नाही. दुसरा प्रकार म्हणजे होम थिएटरमधला ६ किंवा ८ इंची सुटा वूफर, ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं. ८ इंची वाईट नाही, फक्त आकडे नसतील तर पुढे सांगतो तसं मोजून घ्या. तिसरा कारचा सबवूफर, आणि माझं मत विचाराल तर ३-४ हजारांच्या बजेटमध्ये हाच घ्यावा. पायोनियर, जेबीएल अशा कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलचे पूर्ण पॅरामीटर छापलेले असतात, कोनची चाल चांगली असते, रबराची कड असते आणि तो लहान बॉक्ससाठीच बनवलेला असतो. सेन्सिटिव्हिटी कमी असते, तेवढं जास्त वॅटने भरून काढायचं. एक मात्र आहे, कंपनीच्या कागदावर २०-२८ लिटरचा बॉक्स सुचवलेला असतो तो गाडीसाठी, गाडीच्या बंद जागेत खालचा बास आपोआप वाढतो, हॉलमध्ये तेवढा वाढत नाही, म्हणून वरचं गणित करून घरासाठी बॉक्स मोठा काढा.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, रविवारी बरीच दुकानं बंद असतात आणि संध्याकाळी पाचनंतर १२ इंची खोकं घेऊन विरार किंवा बोरिवली लोकलमध्ये चढायचं म्हणजे ड्रायव्हरच्या कोनची काळजी. काउंटरवर सगळ्यात आधी ऐकायला मिळतं ते ‘मॅग्नेट देखो साहब, कितना बडा है’. मॅग्नेट मोठा म्हणजे बास जास्त, हे गणित बरोबर नाही. मॅग्नेट ताकदवान असला की क्यूटीएस खाली येतो, ०.३ किंवा त्याहून कमी, आणि असा ड्रायव्हर सील्ड बॉक्समध्ये घातला की बास लवकर उतरायला लागतो, त्याला पोर्टेडच लागतो. शिवाय मॅग्नेटवर जे जाड रबरी कव्हर असतं त्याच्या आत लोखंड किती ते बाहेरून कळत नाही. तुम्ही शांतपणे मॉडेल नंबर विचारा, फोनवर कंपनीची स्पेक शीट उघडा आणि एफएस ३५ च्या खाली, क्यूटीएस ०.४ ते ०.६, एक्समॅक्स निदान ७-८ मिलिमीटर आणि तुमच्या लिटरला जुळणारा व्हीएएस एवढं बघा. जुळलं तर भाव करा, नाही जुळलं तर पुढचं दुकान.

स्पेक शीटच नसेल तर? एफएस आणि क्यूटीएस घरी मोजता येतात, आणि प्लाय कापायच्या आधी हे नक्की करा. लागतो एक कुठलाही अ‍ॅम्प, फोनमध्ये टोन जनरेटरचं अ‍ॅप, १ किलो-ओमचा रेझिस्टर, १० ओमचा रेझिस्टर आणि एसी २ व्होल्टचा रेंज असलेला मल्टिमीटर. एकदम स्वस्त मीटरमध्ये एसीला २०० व्होल्टच्या खालचा रेंजच नसतो, तो चालणार नाही. आधी ड्रायव्हरचा डीसी रेझिस्टन्स मोजा, समजा ३.४ ओम आला. मग अ‍ॅम्पच्या आउटपुटला १ किलो-ओम सिरीजमध्ये लावून पुढे १० ओमचा रेझिस्टर जोडा, ५० हर्ट्झचा टोन द्या आणि त्या १० ओमवर १०० मिलिव्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. आता आवाजाला हात न लावता १० ओमच्या जागी ड्रायव्हर जोडा, ड्रायव्हर उभा आणि मोकळा, टेबलावर पालथा ठेवलेला नको. साधारण १० मिलिव्होल्ट म्हणजे १ ओम असा हिशोब झाला.

टोन १५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झने वर न्या. व्होल्टेज चढत जाईल, एका ठिकाणी सगळ्यात जास्त होईल आणि परत उतरेल. समजा २९ हर्ट्झला ३४० मिलिव्होल्ट, म्हणजे ३४ ओम आले. एफएस मिळाला, २९. आता ३४ भागिले ३.४ म्हणजे १०, त्याचं वर्गमूळ ३.१६. ३.४ ला ३.१६ ने गुणलं की १०.७ ओम, म्हणजे जिथे मीटर १०७ मिलिव्होल्ट दाखवतो त्या दोन फ्रिक्वेन्सी शोधा, एक २९ च्या खाली आणि एक वर. समजा २२ आणि ३८ मिळाल्या, फरक १६. २९ गुणिले ३.१६ भागिले १६ म्हणजे ५.७, आणि त्याला परत १० ने भागलं की ०.५७, हा तुमचा क्यूटीएस. बरोबर मोजलंय का ह्याची खूण म्हणजे २२ गुणिले ३८ चं वर्गमूळ, ते एफएसच्या जवळ यायला हवं, इथे २८.९ येतंय. ०.५७ असेल तर सील्डच करायचा, आणि व्हीएएस माहीत असेल तर, क्यूटीसी ०.९ चालवून घेतल्यावर त्याच्या दोन तृतीयांश लिटरचा बॉक्स लागतो.

सेकंडहँड घेत असाल, चोर बाजारात किंवा ओळखीच्या गाडीवाल्याकडून, तर फोमची कड असलेला ड्रायव्हर घेऊच नका, मुंबईच्या दमट हवेत फोम भुसभुशीत होऊन बोटाला चिकटून येतो. रबर असेल तर कडेला बोट फिरवून भेग बघा. मग दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून हळूच सरळ आत दाबा, खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, ठेवून द्या. नाक जवळ नेऊन वास घ्या, जळका वास महिनोनमहिने जात नाही. मीटर लावा, ४ ओमच्या ड्रायव्हरला ३.२ ते ३.६ आणि ८ ओमच्याला साडेपाच ते सातच्या आसपास दाखवायला हवा.

कारच्या ड्रायव्हरला पुष्कळदा दोन कॉइल असतात, मागे चार टर्मिनल दिसतात. ४-४ ओमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये लावल्या तर ८ ओम, पॅरललमध्ये २ ओम. लॅमिंग्टन रोडवर मिळणारे टीपीए३११६ चिपचे छोटे अ‍ॅम्प बोर्ड स्वस्त आणि चांगले आहेत, पण २ ओम लावायच्या आधी तो बोर्ड तेवढं झेलतो का ते विचारून घ्या, खात्री नसेल तर सिरीजच करा. एक कॉइल मोकळी सोडून दुसरीच वापरायचा शॉर्टकट करू नका, क्यूटीएस खूप वाढतो आणि केलेलं सगळं गणित कोलमडतं. सगळ्यात सोपं म्हणजे सिंगल ४ ओम कॉइलचं मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

बिल घ्या, आणि ड्रायव्हर घरी आल्या आल्या दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत वरची चाचणी करा. सुताराला भोक पाडायला सांगताना ‘१० इंच’ असं सांगू नका, १० इंच हे साधारण बाहेरच्या फ्रेमचं माप असतं आणि भोक त्याहून लहान लागतं. ड्रायव्हर प्रत्यक्ष हातात घेऊन फ्रेमच्या मागच्या बाजूचा व्यास टेपने मोजा, ३-४ मिलिमीटर जास्तीचे धरा, आणि पुठ्ठ्यावर गोल कापून ड्रायव्हर त्यात बसतोय हे बघितल्यावरच प्लायला जिगसॉ लावू द्या.