व्हीआर चाचणी हिरवी आली तरी चित्र अडखळतं? कॉम्प्युटर तपासताना या चुका टाळा

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरणं; कॉम्प्युटरला ते झेपेल का, हे सांगणाऱ्या चाचण्या असतात. मध्यंतरी एका मित्राने मला त्याच्या लॅपटॉपवरच्या अशा चाचणीचा स्क्रीनशॉट पाठवला. हिरवी पट्टी आणि त्यावर ‘रेडी’ असा शेरा. त्या भरवशावर त्याने हेडसेट घेतला आणि दहाव्या मिनिटाला तो काढून डोळे मिटून बसला. मान वळवली की समोरची भिंत क्षणभर मागे राहायची आणि मग धक्का बसल्यासारखी जागेवर यायची. चाचणीने त्याला फसवलं नव्हतं. तिने जे तपासलंच नव्हतं, ते त्याने तपासलं गेलंय असं धरून टाकलं होतं. हीच चूक मला वारंवार दिसते.

आजही अनेकजण जी ‘स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट’ चालवतात, ती व्हॉल्व्ह कंपनीने २०१६ साली आणली. (स्टीमव्हीआर हे पीसीवर व्हीआर चालवणारं त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर.) तिला हेडसेट जोडावाच लागत नाही. ती साधारण दोन मिनिटं एक दृश्य दाखवते आणि तुमचं ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे ९० चित्रं, टिकवतात का, ते पाहते. पण हे गणित त्या काळच्या हेडसेटचं आहे. तेव्हाच्या व्हाइव्ह या हेडसेटचा पडदा दोन्ही डोळ्यांचा मिळून २१६० × १२०० होता, म्हणजे सुमारे २६ लाख पिक्सेल. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या नव्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ × २२०८ असतात, दोन्ही मिळून ९१ लाखांच्या वर. काम साडेतीनपट झालं, शेरा मात्र तोच. त्यात क्वेस्टसारखा हेडसेट पीसीला जोडला की तयार झालेलं चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवावं लागतं, आणि तो भारही ग्राफिक्स कार्डावरच पडतो. म्हणून या चाचणीत ‘नॉट रेडी’ आलं तर ते गंभीरपणे घ्या, पण ‘रेडी’ आलं तर तपासणीला आता कुठे सुरुवात झाली असं समजा.

निकालाच्या खिडकीत शेऱ्याच्या खाली जे आकडे असतात, ते फार कमी लोक वाचतात. ९० च्या खाली किती टक्के फ्रेम गेल्या आणि प्रोसेसरमुळे किती अडल्या, हे तिथेच लिहिलेलं असतं. सरासरीवर जाऊ नका. ९० फ्रेम म्हणजे एका चित्राला साधारण ११ मिलिसेकंद. उरलेलं सगळं वेळेत झालं, पण दर काही सेकंदांनी एखादी फ्रेम २५ मिलिसेकंदांवर गेली, तर सरासरी छान दिसते आणि पोटात मात्र ढवळायला लागतं.

आता लॅपटॉपवाल्यांसाठी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. पहिली गोष्ट, चाचणी चार्जर लावूनच घ्या. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड मुद्दाम हात आखडता घेतं. दुसरी, दोन मिनिटांवर थांबू नका. थंड लॅपटॉप दोन मिनिटं जोमाने पळतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी तापला की स्वतःचा वेग उतरवतो. तुम्ही खेळणार तासभर, तर निदान अर्धा तास तरी खरा गेम चालवून पाहा. तिसरी गोष्ट माझ्या मित्राच्या बाबतीत निघाली. त्याच्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेलं होतं. चाचणी दमदार कार्डावर चालली, पण हेडसेटपर्यंत चित्र वळसा घालून पोचत होतं. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फिजएक्स’च्या पानावर कुठलं पोर्ट कोणत्या चिपला जातं, याचं चित्रच दिसतं. ते आधी बघा, हेडसेट नंतर घ्या. डेस्कटॉपवर हीच चूक आणखी साधी असते: केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली.

केबलचं तोंड टाइप-सी आहे म्हणजे ती वेगवान आहे, हा समज सोडून द्या. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बऱ्याच केबल आतून यूएसबी २.० असतात. २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, ३.० ची ५ गिगाबिट. क्वेस्टच्या पीसीवरच्या अॅपमध्ये केबलचा वेग मोजायची सोय आहे. दोन मिनिटांचं काम आहे, ते करून टाका. बिनतारी जोडणार असाल तर पीसी राऊटरला तारेने जोडा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. पीसीही वायफायवर आणि हेडसेटही वायफायवर, असं केलं तर कितीही भारी कार्ड असलं तरी मजा येणार नाही.

विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर सोयीवर चालणारे जुने हेडसेट सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ती सोयच काढून टाकली. तिथे कार्डाची ताकद कामाला येत नाही.

बिघाड दिसला की लगेच नवं कार्ड शोधायला धावू नका. लक्षणं वेगवेगळी असतात. चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटत असेल, तर वायफाय किंवा केबल पाहा. पडदा मधूनच काळा होऊन परत येत असेल, तर यूएसबी पोर्ट बदला आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीची वीज वाचवणारा पर्याय बंद करा. हातातले कंट्रोलर भलतीकडे तरंगायला लागले, तर आधी खोलीतला उजेड आणि समोरचे आरसे बघा. त्यात कॉम्प्युटरचा दोष बहुधा नसतो. मान वळवताना जग अडखळलं, तरच फ्रेमचा प्रश्न.

तो कार्डाचा की प्रोसेसरचा, हे ओळखायला स्टीमव्हीआरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जा. रिझोल्यूशन ‘कस्टम’ करून ५० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम, त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. अडखळणं थांबलं तर कार्ड कमी पडतंय. मग रिझोल्यूशन थोडं थोडं वाढवत जा आणि जिथे पुन्हा अडखळेल त्याच्या एक पायरी खाली राहा. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर दमतोय किंवा मागे काहीतरी चालू आहे. ब्राउझर, रेकॉर्डिंग, अँटिव्हायरसचं स्कॅन, सगळं बंद करून परत पाहा. हे करताना ‘मोशन स्मूदिंग’ बंद ठेवायला विसरू नका. ते चालू असलं आणि फ्रेम कमी पडायला लागल्या की पीसी ९० च्या अर्ध्याच, म्हणजे ४५ फ्रेम काढतो आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरल्या जातात. वरवर सगळं सुरळीत वाटतं, पण हलत्या वस्तूंच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या थरथरतात. माझ्या मित्राने हा पर्याय पहिल्याच दिवशी चालू केला होता, त्यामुळे आठवडाभर आम्ही दोघं चुकीच्या ठिकाणी शोधत बसलो.