पर्ल मॉड्यूलमध्ये जेसन हाताळताना: पंचगंगेच्या पाणीपातळीच्या सेवेचे उदाहरण

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सर्वांत जास्त विचारला जाणारा आकडा म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर तर त्या आकड्याकडे कोणी सहज म्हणून पाहत नाही. हा आकडा एकीकडून घेऊन दुसरीकडे देणारी लहानशी वेब सेवा पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायची आहे, असे उदाहरणापुरते समजू. बंधाऱ्यावरील नोंद जेसनच्या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मजकूर-स्वरूपाच्या, रूपात येते, आपले मॉड्यूल (कोडचा स्वतंत्र भाग) ती तपासून साठवते आणि मोबाइलवरील पानाला पुन्हा जेसनच देते. या दोन टोकांच्या मध्ये आकडा, अक्षर आणि 'माहिती नाही' ही स्थिती जशीच्या तशी टिकवणे हे मॉड्यूलचे काम आहे. पुढील विवेचनात मॉड्यूल व फंक्शनची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन अक्षरांतच टंकावीत.

प्रथम मॉड्यूलची निवड. जेसन::पीपी हे शुद्ध पर्लमध्ये लिहिलेले मॉड्यूल २०११ च्या पर्ल ५.१४ पासून पर्लबरोबरच येते, त्यामुळे जेथे सी कंपायलर उपलब्ध नाही अशा शेअर्ड होस्टिंगवरही ते चालते. जेसन::एक्सएस आणि त्यापासून निघालेले सीपॅनेल::जेसन::एक्सएस ही दोन्ही सी भाषेच्या आधारावर चालतात आणि कितीतरी वेगवान आहेत. यांपैकी एकाचे नाव कोडमध्ये पक्के करण्यापेक्षा जेसन::मेबीएक्सएस वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आधी सीपॅनेलचे मॉड्यूल शोधते, नाही मिळाले तर जेसन::एक्सएस आणि तेही नसेल तर जेसन::पीपी घेते, आणि तिन्हींसाठी वापरण्याची पद्धत बहुतांशी एकच राहते.

निवड झाल्यावर जेसनचे ऑब्जेक्ट जागोजागी तयार न करता एकाच लहान मॉड्यूलमध्ये एकदाच तयार करावे. त्याला 'यूटीएफ८' आणि 'कॅनॉनिकल' हे दोन पर्याय द्यावेत, आणि बाहेरच्या कोडला केवळ दोन फंक्शन्स दिसू द्यावीत: बाहेरून आलेले बाइट्स घेऊन पर्लची रचना देणारे एक, आणि पर्लची रचना घेऊन बाइट्स देणारे दुसरे. सेवेतील इतर कोणत्याही फाइलमध्ये जेसनचे मॉड्यूल थेट वापरले जाणार नाही, हा नियम सुरुवातीपासून पाळला तर पुढे ज्या अडचणींचा उल्लेख येणार आहे त्या शोधण्यासाठी एकच फाइल उघडावी लागते. कॅनॉनिकल पर्यायामुळे किल्ल्या (प्रत्येक मूल्याला दिलेली नावे) वर्णक्रमाने येतात. पर्ल ५.१८ पासून हॅशमधील (किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या ठेवणाऱ्या रचनेतील) किल्ल्यांचा क्रम प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालवताना बदलू शकतो, त्यामुळे हा पर्याय नसेल तर एकाच माहितीचा मजकूर दोन वेळा दोन प्रकारे तयार होतो आणि त्यावर काढलेली स्वाक्षरी किंवा केलेली तुलना फसते.

मराठीत काम करणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा भाग बाइट आणि अक्षर यांतील फरकाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबू. 'कोल्हापूर' या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने ९ चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हे बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने त्याचे २७ बाइट होतात. एन्कोड_जेसन हे फंक्शन चिन्हे घेऊन यूटीएफ-८ बाइट्स देते. डीकोड_जेसन बाइट्स घेऊन चिन्हे देते. आधीच बाइट्स झालेला मजकूर पुन्हा एन्कोड_जेसनला दिला तर पर्ल त्या २७ बाइट्सना २७ स्वतंत्र चिन्हे समजते आणि प्रत्येकाचे दोन याप्रमाणे ५४ बाइट तयार करते. मग पडद्यावर कोल्हापूरऐवजी डोक्यावर खुणा असलेल्या रोमन अक्षरांची रांग उमटते. म्हणून शंका आली की लगेच लेंग्थ फंक्शनने लांबी छापून पाहावी. मॉड्यूलच्या आत ती ९ यायला हवी. २७ आली तर मजकूर डीकोड व्हायचा राहिला आहे, आणि ५४ आली तर दोनदा एन्कोड झालेले बाइट्स तसेच आत आले आहेत, असे समजावे.

हा गोंधळ बहुधा तीन ठिकाणांहून येतो. पर्लच्या फाइलमध्ये देवनागरी शब्द थेट लिहिले असतील आणि वर 'यूज यूटीएफ८' ही ओळ नसेल, तर ते शब्द बाइट म्हणूनच वाचले जातात. डेटाबेसच्या जोडणीत युनिकोडचा पर्याय दिलेला नसेल, उदाहरणार्थ डीबीडी::मायएसक्यूएलमध्ये 'मायएसक्यूएल_एनेबल_यूटीएफ८एमबी४', तर तेथूनही चिन्हांऐवजी बाइट्स येऊ शकतात. तिसरे ठिकाण म्हणजे फ्रेमवर्क, अर्थात वेब सेवेचा तयार सांगाडा. मोजोलिशसमध्ये 'रेंडर' पद्धतीला जेसन म्हणून पर्लची रचना दिली की एन्कोडिंग ते स्वतः करते, आणि डान्सर२ मध्ये सिरिअलायझर (रचनेचे जेसन करणारा भाग) लावला की तेथेही तसेच होते. अशा वेळी आपण आधीच एन्कोड केलेला मजकूर दिला तर ग्राहकाला, म्हणजे सेवा वापरणाऱ्या प्रोग्रॅमला, जेसनच्या वस्तूऐवजी अवतरणचिन्हांत गुंडाळलेली एक लांब स्ट्रिंग (नुसता मजकूर) मिळते. चुकीचा मजकूर दिसला की आणखी एक डीकोड करून तो 'सरळ' करण्याचा मोह आवरावा. चूक ज्या ठिकाणी झाली तेथेच ती दुरुस्त करावी, कारण वरून केलेली दुरुस्ती दुसऱ्या कोणाच्या तरी बरोबर आलेल्या मजकुराची नासाडी करते.

आता माहिती स्वीकारण्याकडे वळू. दुसऱ्या सेवेकडून माहिती आणताना आधी उत्तर यशस्वी आहे का ते पाहावे आणि मगच डीकोड करावे. एचटीटीपी::टायनी हे पर्लबरोबर येणारे मॉड्यूल जोडणीच अयशस्वी झाल्यास ५९९ हा स्थितिक्रमांक देते आणि मजकुराच्या जागी चूक सांगणारा संदेश ठेवते. तो संदेश न पाहता डीकोड केला तर 'जेसन बिघडलेले आहे' अशी तक्रार येते आणि माणूस नेटवर्कऐवजी जेसनमध्ये दोष शोधत बसतो. तक्रारीत बिघाडाची जागा ० असेल, तर समोरून जेसन आलेलेच नाही आणि बहुधा एचटीएमएल पान आले आहे, असे समजून आधी मूळ मजकूर पाहावा. याच कामासाठी एलडब्ल्यूपी हे मॉड्यूल वापरत असल्यास 'डीकोडेड_कंटेंट' या पद्धतीला 'कॅरसेट' म्हणून 'नन' सांगावे, म्हणजे आकुंचित मजकूर उलगडला जातो पण बाइट्स बाइट्सच राहतात.

डीकोड करताना चूक आढळली की ही मॉड्यूल्स 'डाय' करतात, म्हणजे तो प्रसंग न हाताळल्यास संपूर्ण विनंतीच कोसळते. म्हणून डीकोड इव्हॅल ब्लॉकमध्ये (चूक झाली तरी प्रोग्रॅम थांबू न देणाऱ्या) करावे, ब्लॉकच्या शेवटी १ हे मूल्य परत करावे आणि ते मिळाले नाही तरच चूक झाली असे धरावे. पर्ल ५.३४ मध्ये प्रयोगादाखल आलेली आणि ५.४० मध्ये स्थिरावलेली 'ट्राय-कॅच' रचना उपलब्ध असल्यास ती अधिक वाचनीय ठरते. चूक सांगणाऱ्या संदेशात समोरून आलेल्या मजकुराचा तुकडाही असतो, त्यामुळे तो लॉगमध्ये ठेवावा आणि ग्राहकाला मात्र ४०० (विनंती सदोष) या स्थितिक्रमांकासह एक साधे वाक्य पाठवावे. जेसन व्याकरणाने बरोबर असूनही पातळीच्या जागी पावसाचे वर्णन आले असेल, तर ४२२ (रूप बरोबर, पण आशय स्वीकारता येत नाही) हा क्रमांक अधिक योग्य आहे.

डीकोड यशस्वी झाले म्हणजे हॅशच मिळाला असे नाही. जेसनचे मानक सांगणाऱ्या आरएफसी ७१५९ या दस्तऐवजापासून, आणि डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्येही, नुसता आकडा किंवा नुसती स्ट्रिंग हेसुद्धा पूर्ण जेसन मानले जाते. त्यामुळे 'रेफ' फंक्शनने मिळालेली रचना हॅश आहे याची खात्री केल्याशिवाय तिच्या किल्ल्यांना हात लावू नये. खुल्या सेवेसाठी 'मॅक्स_साइज' ही मर्यादाही घालावी. पातळीची नोंद काही शेकडा बाइट्सपेक्षा मोठी असण्याचे कारणच नाही. खोलीची (एकात एक किती रचना असू शकतात याची) मर्यादा मुळात ५१२ असते, ती आपल्या कामासाठी १० वर आणली तरी चालते.

यानंतर आकड्यांचा प्रश्न येतो, आणि आपल्या उदाहरणात तो सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे पातळी फूट आणि इंचांत सांगतात. ३९ फूट ६ इंच ही नोंद कोणी ३९.६ अशी पाठवली तर ती चूक आहे, कारण तिचे दशांश रूप ३९.५ आहे. ३९ फूट १० इंच ही नोंद ३९.१० अशी पाठवली तर अवस्था आणखी वाईट होते, कारण जेसनच्या दृष्टीने ३९.१० आणि ३९.१ हा एकच आकडा आहे आणि दहा इंचांचा एक इंच होऊन जातो. म्हणून फूट आणि इंच या दोन स्वतंत्र किल्ल्या ठेवाव्यात किंवा सर्व काही पूर्ण इंचांत साठवावे. दुसऱ्या पद्धतीत इशारा पातळी ४६८ इंच आणि धोका पातळी ५१६ इंच होते, तुलना पूर्णांकांत होते आणि दशांशाचा प्रश्नच उरत नाही. मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते.

पर्लला आकडा आणि स्ट्रिंग यांत फारसा भेद वाटत नाही, पण जेसनला वाटतो. डेटाबेसमधून किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनमधून आलेला ४७४ बहुधा स्ट्रिंग असतो. पर्लची आवृत्ती आणि मॉड्यूल यांनुसार, मुळात आकडा असलेले मूल्य केवळ लॉगमध्ये छापले गेल्यामुळेही अवतरणचिन्हांत बाहेर पडू शकते. पर्लमध्ये त्याने काही बिघडत नाही. मात्र ग्राहकाच्या बाजूला जावास्क्रिप्ट दोन स्ट्रिंगची तुलना अक्षराअक्षराने करते आणि तिच्या लेखी '९' हे '४३' पेक्षा मोठे ठरते. यावर उपाय साधा आहे: रचना एन्कोडकडे देण्याच्या अगदी आधी प्रत्येक आकड्यात ० मिळवावा आणि प्रत्येक सांकेतिक क्रमांकाला रिकामी स्ट्रिंग जोडावी. केंद्राचा क्रमांक ००७ असेल तर तो स्ट्रिंगच राहिला पाहिजे, अन्यथा सुरुवातीची शून्ये गळून पडतील.

मोजणी झाली नसेल तर जेसनमध्ये 'नल' येते आणि पर्लमध्ये त्याचे 'अनडेफ' होते. अनडेफची आकड्याशी तुलना केली की पर्ल त्याला ० मानते. 'यूज वॉर्निंग्ज' असेल तर निदान इशारा तरी मिळतो, नसेल तर तोही नाही. बंधाऱ्यावर पाणी ४४ फुटांवर असताना मोजणी बंद पडली म्हणून पानावर 'पातळी ०, धोका नाही' असे दिसणे किती घातक आहे, हे शिरोळ तालुक्यातील कोणालाही सांगावे लागणार नाही. म्हणून तुलनेपूर्वी 'डिफाइन्ड' तपासावे, आणि किल्ली मुळात आली आहे की नाही हे 'एक्झिस्ट्स'ने वेगळे पाहावे. 'आली पण रिकामी' आणि 'आलीच नाही' या दोन वेगळ्या बातम्या आहेत. एका रचनेच्या आतल्या रचनेतील किल्लीची तपासणी करताना मधला स्तर पर्ल आपोआप निर्माण करते, आणि तीच रचना पुन्हा बाहेर पाठवली तर कोणी न दिलेली रिकामी वस्तू उत्तरात दिसते. म्हणून तपासणी वरच्या किल्लीपासून टप्प्याटप्प्याने करावी.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि ते उघडले की कोल्हापूरकरांचे लक्ष पुन्हा पंचगंगेकडे लागते. दरवाजा उघडा आहे का, ही खरे-खोटे स्वरूपाची माहिती आहे. ती पाठवताना १ किंवा ० दिले तर जेसनमध्ये आकडा जातो; खरोखरीचे 'ट्रू' किंवा 'फॉल्स' हवे असेल तर १ चा किंवा ० चा रेफरन्स द्यावा, अथवा मॉड्यूलने दिलेली ट्रू आणि फॉल्स ही मूल्ये वापरावीत. स्वीकारताना अधिक सावध राहावे. एखाद्या ग्राहकाने 'फॉल्स' हा शब्द अवतरणचिन्हांत पाठवला तर पर्लच्या दृष्टीने ती रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे, म्हणून 'खरे' आहे, आणि बंद दरवाजा उघडा ठरतो. मूल्य बूलियनच (खरे-खोटे स्वरूपाचेच) आहे ना हे 'इज_बूल' फंक्शनने तपासून, नसेल तर विनंती नाकारावी.

वेळेचे ऑब्जेक्ट थेट एन्कोड करता येत नाही. 'कन्व्हर्ट_ब्लेस्ड' चालू करून आपल्या क्लासमध्ये 'टू_जेसन' नावाची पद्धत मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि वेळ नेहमी +०५:३० या फरकासह स्ट्रिंग म्हणून द्यावी.

चाचणी लिहिताना टेस्ट::मोअरमधील 'इज_डीपली'वर पूर्ण विसंबू नये, कारण आकडा ३९ आणि स्ट्रिंग '३९' तिला सारखेच वाटतात. आपल्या फंक्शनने दिलेल्या बाइट्सची अपेक्षित मजकुराशी अक्षरशः तुलना करावी. कॅनॉनिकल पर्याय चालू असल्याने ती स्थिर राहते. नमुन्यांत 'कोल्हापूर' हा शब्द आणि त्याचे २७ बाइट, नल असलेली पातळी, मुळीच नसलेली पातळी, १० इंचांची नोंद, अवतरणचिन्हांतील 'फॉल्स', अर्धवट तुटलेले जेसन आणि जेसनऐवजी आलेले एचटीएमएल पान एवढे तरी असावे, आणि हे सर्व नमुने जेसन::पीपी व सीपॅनेल::जेसन::एक्सएस या दोन्हींवर 'प्रूव्ह' या आज्ञेने चालवून पाहावेत.