पिकअपचं ॲव्हरेज पडलंय? आधी उजवा पाय बघा

ॲव्हरेज पडलं की लोक आधी पंपवाल्याला शिव्या देतात, पण बराचसा खेळ पायाचाच असतो. भरलेली पिकअप जाग्यावरून उचलायलाच जास्त डिझेल लागतं, म्हणून पुढं सिग्नल लाल दिसला की लांबूनच एक्सलेटर सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या, बऱ्याचदा पूर्ण थांबायची वेळच येत नाही. आणि कसारा घाट न्यूट्रलला उतरणारे बहाद्दर... अहो, कॉमन रेल इंजिनात (म्हणजे आजकालच्या, कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या इंजिनात) गिअरमध्ये पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, वर ब्रेक तापून निकामी व्हायची भीती वेगळी. हायवेला ८० ऐवजी ६० नं चालवा, हवेचा रेटा ४० टक्क्यांहून जास्त कमी होतो. ताडपत्री फडफडत असेल तर तीपण आवळून बांधा.