ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधला दोष शोधताना या चुका टाळा

सर्किट बंद पडले की आधी ट्रान्झिस्टर उपटायचा, ही नवशिक्यांची घाई मला आता पाहवत नाही, कारण उपटलेला ट्रान्झिस्टर बहुधा धडधाकट निघतो आणि बोर्डावरचे तांब्याचे पट्टे मात्र उखडलेले असतात. सोल्डरिंग गन तापवण्यापूर्वी सप्लाय चालू ठेवून तिन्ही पायांवरचे (बेस, एमिटर, कलेक्टर) व्होल्टेज मोजावे. सिलिकॉनच्या एनपीएन (बेस धन झाला की चालू होणाऱ्या) ट्रान्झिस्टरचा बेस एमिटरपेक्षा ०.६ ते ०.७ व्होल्टने वर नसेल, तर दोष बहुधा आधीच्या भागात असतो. हा फरक एक व्होल्टच्याही वर गेलेला दिसला, तर आतला बेस-एमिटर जोड तुटला आहे असे मी समजतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक पायांच्या क्रमाची. बीसी ५४७ या छोट्या एनपीएन ट्रान्झिस्टरचा सपाट चेहरा आपल्याकडे धरला, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन ३९०४ या तशाच दुसऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये तो नेमका उलटा असतो. एका विद्यार्थ्याने पाण्याच्या टाकीसाठी बनवलेल्या १२ व्होल्टच्या सूचकात बेस रेझिस्टरमधून सर्किटच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडलेला असतानाही, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असायला हवा तेव्हाही, एलईडी मंद जळत राही. त्याने दोनदा ट्रान्झिस्टर बदलला होता. मी स्वतः बोर्ड ओलसर असेल म्हणून अर्धी संध्याकाळ स्पिरिटने पुसण्यात घालवली. शेवटी भिंगाखाली नाव वाचले, तेव्हा दुकानदाराने ‘चालेल’ म्हणून दिलेला तो २एन ३९०४ निघाला. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर अगदीच मरत नाही, कमी गेनने (वर्धनाने) का होईना चालतो, आणि बेस-एमिटर जोड उलट दिशेने जेमतेम ६ व्होल्ट पेलत असल्याने १२ व्होल्टवर त्यातून उलट प्रवाहाची गळती सुरू होते. अर्धा वेढा फिरवून बसवताच एलईडी विझला. तेव्हापासून नवा ट्रान्झिस्टर, दुकानदार काहीही म्हणो, डेटाशीट (कंपनीचे माहितीपत्रक) पाहिल्याशिवाय मी बोर्डाला लावत नाही.

बोर्डावर बसलेल्या ट्रान्झिस्टरचा ओहममध्ये घेतलेला आकडा ग्राह्य धरू नये, कारण शेजारचे रेझिस्टर त्यात मिसळतात. जुन्या काट्याच्या मीटरवर तर ओहमच्या रेंजमध्ये काळा प्रोब धन असतो, त्यामुळे एनपीएनला पीएनपी (उलट ध्रुवतेचा प्रकार) ठरवणारे मला दरवर्षी भेटतात. २एन ३०५५ हा मोठा पॉवर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवताना मध्ये अभ्रकाची विद्युतरोधक चकती विसरू नये. त्याचा धातूचा देहच कलेक्टर असतो.