मुठेवर शिल्पासारखा पादचारी पूल? या चुका टाळा

पुण्यात देखणा पादचारी पूल काढायला घेतला की पहिल्याच रेखाटनात पगडी, तुतारी नाहीतर मोर उतरतो. संभाजी उद्यानाच्या मेट्रो स्थानकाला पगडी शोभते, कारण तिथे ती छप्पर आहे. पुलाच्या बाजूला नुसती चिकटवलेली पगडी म्हणजे वाढीव वजन आणि कबुतरांची सोय. जो आकार भार उचलत नाही तो आधी खोडा. कमान, खांब, केबल यांनाच वळण द्या.

मात्र पूल जितका सडपातळ, तितका डोलण्याचा धोका जास्त. लंडनचा मिलेनियम ब्रिज 10 जून 2000 ला उघडला आणि दोन दिवसांत बंद झाला. चालताना माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण एका डाव्या पावलापासून पुढच्या डाव्या पावलापर्यंत यायला त्याला एक सेकंद लागतो. पुलाचा आडवा डोल याच ठेक्याजवळ होता. तोल सावरायला लोकांनी टाकलेल्या पावलांनी तो आणखी वाढला. डोल शोषून घेणारे डॅम्पर बसवून पूल पुन्हा खुला व्हायला फेब्रुवारी 2002 उजाडलं. आपल्याकडे तर विसर्जनाच्या दिवशी ढोल ऐकत अख्खी गर्दी पुलावर उभी राहणार. चौरस मीटरला 500 किलो भार धरा आणि डॅम्परची जागा नकाशातच राखून ठेवा.

काचेचा मोह आवरा. व्हेनिसमध्ये स्पॅनिश वास्तुविशारद कालात्रावाचा पूल 2008 मध्ये झाला. काचेच्या पायऱ्यांवर लोक इतके घसरले की तिथे दगड बसवायचं ठरवावं लागलं. फरशीचा नमुना साइटवर ठेवा, त्यावर पाणी आणि नदीकाठचा थोडा गाळ ओता, आणि गुळगुळीत झालेली कोल्हापुरी घालून उतारावर चालून बघा. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर वाचा.

रॅम्प शेवटी आठवतो. 1:12 उतार धरला तर पाच मीटर चढायला 60 मीटर लांबी लागते, मधले सपाट टप्पे वेगळेच. डेक्कनच्या बाजूला एवढी जागा कुठे आहे, हे पहिल्या दिवशी बघा.

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी नव्या पुलाचा तळ लाल पूररेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या, जेमतेम वर काढणारे भेटतात. वाहून येणाऱ्या फांद्या आणि जलपर्णीसाठी मोकळी उंची सोडा.

आणि खांबाच्या टोकावरचा तो सुंदर दिवा बदलायला कोण चढणार? बैठकीत हे विचारलं की सगळे चहाकडे वळतात. दिवे कठड्यातच बसवा, हाताला लागतील असे.